कामावर अपघात झाला, तर दवाखान्याचं बिल कोणी भरायचं?

२४ जानेवारी २०२५. सकाळी साडेदहाच्या सुमारास भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर आयुध निर्माणीत मोठा स्फोट झाला. इमारतीचं छत कोसळलं, कामगार ढिगाऱ्याखाली अडकले. आठ जणांचा जीव गेला, पाच जण जखमी झाले. दिवसभर सगळ्या चॅनेलवर हीच बातमी होती.

अशा मोठ्या दुर्घटनेत सरकार धावून येतं, मदत जाहीर होते, जखमींच्या उपचारांकडे सगळ्यांचं लक्ष असतं. पण कामावरच्या बहुतेक अपघातांची बातमी होत नाही. राईस मिलच्या पट्ट्यात बोटं जातात. धान चुरताना थ्रेशरमध्ये हात अडकतो. सेंट्रिंगचं काम करणारा मजूर स्लॅबवरून खाली पडतो. मालक किंवा ठेकेदार जखमीला गाडीत टाकून दवाखान्यात नेतो, पाच-दहा हजार भरतो आणि म्हणतो, "बाकीचं नंतर बघू."

ते 'नंतर' बऱ्याचदा येतच नाही. मग घरचे लोक उसनवारी करतात, दागिने गहाण ठेवतात. मालकानं थोडेफार पैसे दिलेच, तर ते त्याचे उपकार समजले जातात.

कायदा मात्र याला उपकार म्हणत नाही. कायद्यानं उपचाराचा खर्च कोणाचा, नुकसानभरपाई किती आणि ती मिळवायची कशी, हे या लेखात सोप्या भाषेत समजून घेऊ.

थोडक्यात सांगायचं तर

- कामामुळे आणि काम करताना झालेल्या दुखापतीच्या उपचाराचा खर्च कामगारानं करायचा नसतो.
- कामगाराला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल, तर उपचार ईएसआय करतं.
- ईएसआय लागू नसेल, तर उपचाराचा प्रत्यक्ष झालेला पूर्ण खर्च मालकानं द्यायचा असतो.
- उपचाराचा खर्च वेगळा आणि अपंगत्वाची नुकसानभरपाई वेगळी. एक दिली म्हणून दुसरी बुडत नाही.
- दाव्याची मुदत साधारण दोन वर्षांची आहे, पण खरा पुरावा पहिल्या २४ तासांत तयार होतो.

आधी हे ठरवा: तुमचा रस्ता कोणता?

कामावरच्या दुखापतीसाठी आपल्याकडे दोन मुख्य कायदे होते. एक, १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजेच ईएसआय. दुसरा, १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही 'सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०' मध्ये विलीन झाले आहेत. पण रस्ते दोनच राहिले आहेत, आणि एका वेळी एकच लागू होतो. ज्याला ईएसआय आहे त्याला त्याच दुखापतीसाठी मालकाकडून दुसऱ्या कायद्याची भरपाई मागता येत नाही.

भंडारा जिल्ह्यातली कामं पाहिली तर हे लगेच कळेल.

- कारखाना, मोठी राईस मिल: १० किंवा त्याहून जास्त कामगार आणि महिन्याचा पगार २१ हजार रुपयांपर्यंत असेल, तर ईएसआय. अपंग कामगारांसाठी ही पगारमर्यादा २५ हजार आहे.
- त्याच कारखान्यातला जास्त पगाराचा कामगार: ईएसआय नाही, म्हणून नुकसानभरपाईचा रस्ता.
- चार-सहा माणसांची छोटी मिल, पितळी भांड्यांचं छोटं वर्कशॉप: नुकसानभरपाईचा रस्ता.
- तुमसर तालुक्यातल्या चिखला, डोंगरी बुजुर्गसारख्या मँगनीज खाणी: जुन्या ईएसआय कायद्यानं खाणी बाहेर ठेवल्या होत्या, त्यामुळे तिथं १९२३ चा कायदा चालायचा. नव्या संहितेत 'आस्थापना' या शब्दात खाणही आली आहे.
- शेतावरची चुरणी, ट्रॅक्टरचं काम: यंत्राच्या मदतीनं होणारं शेतीकाम १९२३ च्या कायद्याच्या यादीत आहे. म्हणजे ज्यानं मजूर लावला, त्याची जबाबदारी आहे. हे फार कमी लोकांना माहीत असतं.
- आयटीआय करून लागलेले अप्रेंटिस: शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार त्यांच्या दुखापतीची भरपाईही कंपनीनंच द्यायची असते. "तो आमचा कामगारच नाही" हे उत्तर इथं चालत नाही.

आयुध निर्माणीचं थोडं वेगळं आहे. ऑक्टोबर २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. तिथल्या जुन्या कायम कर्मचाऱ्यांना केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचे नियम लागू होतात. ठेकेदाराकडचे कामगार आणि अप्रेंटिस यांच्यासाठी मात्र वर सांगितलेले कायदेच कामाला येतात.

ईएसआय असेल तर काय मिळतं?

ईएसआयसाठी कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. महिना १२ हजार पगार असेल तर कामगाराचे ९० रुपये, मालकाचे ३९०. या पैशांत मिळतं ते असं:

- पूर्ण उपचार. एका कामगाराच्या उपचारावर किती खर्च करायचा याची वरची मर्यादा नाही.
- रजेच्या काळातला पगार. दुखापतीमुळे काम बंद असेल तोवर सरासरी रोजाच्या ९० टक्के रक्कम.
- कायमचं अपंगत्व आलं तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं आणि त्यानुसार दरमहा रक्कम मिळते.
- मृत्यू झाला तर आश्रितांना दरमहा पेन्शन आणि अंत्यविधीसाठी १५ हजार रुपयांपर्यंत.

महत्त्वाची गोष्ट म्हणजे कामावरच्या दुखापतीसाठी "अमुक इतके दिवस वर्गणी भरलेली हवी" अशी अट नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हक्क असतो.

आणि मालकानं नावच नोंदवलं नसेल तर? कायद्यात विमाधारकाची व्याख्या 'ज्याच्यासाठी वर्गणी भरली आहे किंवा भरायला हवी होती' अशी आहे. 'भारागाथ इंजिनिअरिंग विरुद्ध आर. रंगनायकी' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं: अपघाताआधी वर्गणी भरली नव्हती म्हणून कामगाराचा हक्क जात नाही. ईएसआय महामंडळ लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं.

अडचण अंतराची आहे. भंडाऱ्याच्या कामगारासाठी ईएसआयचं मोठं रुग्णालय म्हणजे नागपूरचं कामगार विमा रुग्णालय. जवळपास ६० किलोमीटर. रक्त वाहत असताना कोणी तिथवर जाणार नाही, आणि जायचीही गरज नाही. तातडीच्या वेळी जवळच्या कुठल्याही रुग्णालयात उपचार घेता येतात आणि नंतर खर्चाच्या परताव्यासाठी अर्ज करता येतो. मात्र परतावा सरकारी दरानं मिळतो. खासगी रुग्णालयाचं बिल त्याहून जास्त असेल तर वरची रक्कम अडकू शकते. म्हणून जीवाचा धोका टळला की लगेच ईएसआयच्या दवाखान्याला कळवा आणि त्यांच्या पॅनेलवरच्या रुग्णालयात हलवण्याबद्दल विचारा.

ईएसआय नसेल तर?

१९२३ च्या कायद्यात बराच काळ फक्त अपंगत्व आणि मृत्यूच्या भरपाईचा हिशेब होता. उपचाराच्या बिलाबद्दल स्पष्ट तरतूद नव्हती. २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, ती १८ जानेवारी २०१० पासून लागू झाली आणि कलम ४ मध्ये २-अ हे उपकलम आलं. त्याचा अर्थ असा: कामावर झालेल्या दुखापतीच्या उपचारासाठी कर्मचाऱ्यानं केलेला प्रत्यक्ष खर्च मालकानं त्याला परत द्यायचा. नव्या संहितेतही ही तरतूद कायम आहे.

यातला 'प्रत्यक्ष खर्च' हा शब्द पकडून ठेवा. नुकसानभरपाई मोजताना पगाराला कमाल मर्यादा आहे. उपचाराच्या खर्चाला अशी मर्यादा नाही. बिल दहा हजारांचं असो वा चार लाखांचं, खर्च खरा आहे आणि त्याच दुखापतीवर झाला आहे, एवढं दाखवता आलं पाहिजे.

एक हिशेब करून पाहू

समजा, एका राईस मिलमध्ये पाच माणसं काम करतात. त्यातल्या ३० वर्षांच्या कामगाराचा पगार महिना १२ हजार आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये पट्ट्यात अडकून त्याच्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट पूर्ण गेलं. ऑपरेशन, औषधं, ड्रेसिंग मिळून ८० हजार खर्च झाला. (हे उदाहरण आकडे समजावेत म्हणून घेतलं आहे.)

कायद्याच्या परिशिष्टात कुठला अवयव गेला तर कमावण्याची ताकद किती टक्के कमी झाली, याची यादीच दिली आहे:

- अंगठा: ३० टक्के
- तर्जनी पूर्ण: १४ टक्के
- मधलं बोट पूर्ण: १२ टक्के
- एका हाताची चारही बोटं: ५० टक्के
- एक डोळा (दुसरा चांगला असताना): ४० टक्के
- एक पूर्ण पंजा: ६० टक्के

आता सूत्र. पगाराच्या ६० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक गुणिले अपंगत्वाची टक्केवारी. वय ३० साठी गुणांक २०७.९८ आहे.

१२,००० चे ६० टक्के = ७,२००
७,२०० × २०७.९८ = १४,९७,४५६
त्याचे १४ टक्के = सुमारे २ लाख ९ हजार ६४४ रुपये

म्हणजे मालकाकडून येणं असं:

- उपचाराचा खर्च: ८० हजार
- बोटाची भरपाई: सुमारे २ लाख ९ हजार ६००
- बरा होईपर्यंत काम बंद असेल तर दर पंधरवड्याला पगाराच्या २५ टक्के, म्हणजे ३ हजार (पुढे एकरकमी भरपाई ठरताना ही रक्कम हिशेबात धरली जाऊ शकते)

पगार १५ हजारांपेक्षा जास्त असला तरी सूत्रात १५ हजारच धरले जातात. ही मर्यादा जानेवारी २०२० मध्ये ठरली. मृत्यू झाल्यास ६० ऐवजी ५० टक्के धरतात आणि भरपाई १ लाख २० हजारांपेक्षा कमी नसते. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर किमान रक्कम १ लाख ४० हजार आहे.

टक्केवारीची यादी हाच शेवटचा शब्द आहे का? नेहमी नाही. १९७६ च्या 'प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाटा' खटल्यात एका सुताराचा डावा हात कोपरापासून कापावा लागला होता. एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं त्याचं अपंगत्व पूर्ण, म्हणजे १०० टक्के मानलं. तुमचं नेमकं काम काय होतं आणि ते आता करता येतं का, याला महत्त्व आहे.

"दवाखान्याचं मीच भरलं, आता भरपाई कसली?"

सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. मालक दवाखान्याचे ८० हजार भरतो आणि म्हणतो, "तुझ्यावर एवढा खर्च केला, आता हिशेब मिटला."

कायदा याच्या उलट सांगतो. मालकानं उपचारासाठी दिलेले पैसे नुकसानभरपाई म्हणून धरता येत नाहीत, असं कलम ४ च्या स्पष्टीकरणात लिहिलं आहे. वरच्या उदाहरणात मालकानं ८० हजार भरले असले, तरी बोटाचे २ लाख ९ हजार बाकीच राहतात.

दुसरी फसगत स्टॅम्प पेपरची. "२५ हजार मिळाले, यापुढे काही मागणार नाही" असं लिहून घेतलं जातं. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्यानं रद्दबातल आहे. तडजोड करायचीच असेल तर ती आयुक्तांकडे नोंदवावी लागते. रक्कम फार कमी वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. मृत्यूच्या प्रकरणात तर भरपाई थेट घरच्यांच्या हातात द्यायचीच नाही, ती आयुक्तांकडे जमा करायची असा नियम आहे.

तिसरं कारण ऐकायला मिळतं ते "चूक तुझीच होती." निष्काळजीपणा एवढंच कारण देऊन भरपाई नाकारता येत नाही. दारू पिऊन काम करणं, सुरक्षेचा स्पष्ट नियम मुद्दाम मोडणं किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकणं, ही कारणं मालक देऊ शकतो. पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तीही चालत नाहीत.

ठेकेदार पळून गेला तर?

मुख्य मालक सुटत नाही. ज्याच्या धंद्याचं काम ठेकेदारामार्फत चाललं होतं, त्याच्याकडून भरपाई मागता येते. त्यानं पैसे दिल्यावर ते ठेकेदाराकडून वसूल करणं हा त्या दोघांचा प्रश्न. मिलमधले हमाल, लोडिंगचे मजूर, कारखान्यात देखभालीचं काम करणारे कामगार यांच्यासाठी ही तरतूद मोलाची आहे.

मालकाचा विमा असेल तर तोही तपासा. बरेच छोटे उद्योजक 'वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन पॉलिसी' घेतात. तिच्यात उपचाराचा खर्च बऱ्याचदा वेगळा हप्ता भरून आणि ठरावीक रकमेपर्यंतच मिळतो. विमा कंपनीनं बिलाचा काही भाग नाकारला तरी कामगाराप्रती असलेली मालकाची जबाबदारी संपत नाही. हे मालकांनीही लक्षात ठेवायला हवं. पॉलिसी घेताना उपचाराच्या खर्चाचं कलम वाचलं नाही, तर अपघातानंतर ते पैसे स्वतःच्या खिशातून जातात.

मग महात्मा फुले योजना कशासाठी?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या अशा सर्व रेशनकार्डधारकांसाठी आहे. दर वर्षी प्रत्येक कुटुंबाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. भाजणं, अनेक ठिकाणी झालेल्या गंभीर जखमा, हाडांची ऑपरेशन्स यांचा त्यात समावेश आहे.

मालक हात वर करत असेल आणि ऑपरेशन थांबवता येत नसेल, तेव्हा ही योजना जीव वाचवू शकते. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, योजना फक्त तिच्यात असलेल्या रुग्णालयात चालते. बाहेर पैसे भरून नंतर परत मिळत नाहीत. म्हणून दाखल होतानाच 'आरोग्यमित्रा'ला भेटा.

दोन, त्या ५ लाखांवर सगळ्या कुटुंबाचा हक्क आहे. मिलमधल्या अपघातावर ते खर्च झाले, तर त्याच वर्षी घरात दुसरं कोणी आजारी पडल्यास तेवढी रक्कम कमी उरते.

तीन, योजनेतून ऑपरेशन झालं म्हणून अपंगत्वाची भरपाई माफ होत नाही. योजनेबाहेर स्वतः केलेला खर्चही मागता येतो.

नोंदणीकृत बांधकाम कामगारांसाठी आणखी एक आधार आहे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ कामावर मृत्यू झाल्यास वारसाला ५ लाख रुपये देतं आणि ७५ टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व आल्यास २ लाख. त्यासाठी वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला आणि चालू नोंदणी लागते. नूतनीकरण राहिलं असेल तर आजच करून घ्या.

कामावर जाता-येता अपघात झाला तर?

याचं उत्तर महाराष्ट्रातल्याच एका खटल्यानं दिलं. धाराशिव जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचा एक वॉचमन एप्रिल २००३ मध्ये पहाटेच्या ड्युटीला मोटारसायकलवरून निघाला होता. कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात त्याचा मृत्यू झाला. पत्नी आणि मुलांचा दावा कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिला. २९ जुलै २०२५ रोजी, म्हणजे २२ वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयानं कुटुंबाच्या बाजूनं निकाल दिला. घरून कामावर जाताना किंवा परत येताना झालेला अपघात, वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध असेल तर, कामावरचाच अपघात मानला जाईल, असं न्यायालयानं सांगितलं. नव्या संहितेत हीच गोष्ट थेट लिहिली आहे.

रस्ता अपघात असल्यास मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजनाही आहे. अपघातानंतर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार तिच्यातून होतात.

जखम दिसत नसेल तर?

कामामुळे होणारा आजारही कायद्यात 'दुखापत' आहे. त्याची यादी परिशिष्टात आहे. मँगनीजच्या विषबाधेनं होणारे आजार आणि गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा त्यात आहेत. त्यासाठी त्याच मालकाकडे सलग सहा महिने काम केलेलं असावं लागतं. दगडाच्या धुळीनं होणारा सिलिकोसिसही यादीत आहे. खाणपट्ट्यात आणि भांड्यांच्या ठोकाठोकीत आयुष्य घालवलेल्या माणसांनी डॉक्टरकडे जाताना आपण काय काम करतो, किती वर्षं करतो, हे आवर्जून सांगावं आणि केसपेपरवर लिहून घ्यावं.

पहिल्या २४ तासांत काय करायचं?

कोर्टात दावे लंगडे पडतात ते बहुधा कागदामुळे. दवाखान्यात घाईत कोणीतरी "घरी पडला" असं सांगतं. कधी मालकाचा माणूसच तसं सांगायला लावतो, "पोलिसांची भानगड नको" म्हणून. केसपेपरवर तेच उतरतं आणि दोन वर्षांनी तोच कागद कामगाराच्या विरोधात उभा राहतो.

1. आधी उपचार. १०८ ला फोन करा. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे. "आधी पोलीस, मग उपचार" असं म्हणता येत नाही.
2. केसपेपरवर खरं लिहून घ्या. कुठल्या मिलमध्ये, कुठल्या यंत्रावर, किती वाजता. रुग्णालयाला एमएलसी नोंद करायला सांगा.
3. मालकाला लेखी कळवा. व्हॉट्सॲप मेसेजही उपयोगी पडतो. तारीख, वेळ, साक्षीदारांची नावं लिहा.
4. अपघात नोंदवहीत नोंद झाली का विचारा. ईएसआय असेल तर मालकानं अपघात अहवाल (फॉर्म १२) पाठवायचा असतो.
5. फोटो काढा. जखमेचे, यंत्राचे, जागेचे.
6. मालकानं फुकट वैद्यकीय तपासणी देऊ केली तर नाकारू नका. नाकारली तर भरपाईचा हक्क तेवढा काळ थांबू शकतो. पण कोऱ्या कागदावर सही करू नका.

खर्चासाठी एक फाईल करा आणि त्यात हे सगळं ठेवा: डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, प्रत्येक औषधाची चिठ्ठी आणि तिच्यासोबत मेडिकलची पावती, एक्स-रे आणि तपासण्यांचे रिपोर्ट, रुग्णवाहिकेची पावती, ड्रेसिंग आणि फिजिओथेरपीच्या पावत्या. पावती नसलेला खर्च मागणं कठीण जातं. मालकानं बिल थेट भरलं असेल तरी त्याची प्रत मागून घ्या.

नोकरीचा पुरावाही लागतो. पगारपत्रक नसेल तर बँकेत जमा झालेला पगार, फोनपेचे व्यवहार, हजेरीचा फोटो, सोबतच्या कामगाराची साक्ष, यातलं काहीही कामाला येतं.

मालक ऐकतच नसेल तर?

नुकसानभरपाईचा दावा कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्तांकडे करायचा. महाराष्ट्रात हे काम मुख्यतः कामगार न्यायालयं करतात. अपघात जिथं झाला तिथं किंवा कामगार जिथं राहतो तिथंही दावा करता येतो. म्हणजे साकोली-लाखांदूरचा मजूर पुण्याला किंवा हैदराबादला कामाला गेला आणि तिथं जखमी झाला, तर त्याला तिकडे खेटे घालायची गरज नाही.

मुदत दोन वर्षांची आहे. योग्य कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. १९२३ च्या कायद्यानुसार महिन्याभरात भरपाई दिली नाही तर १२ टक्के व्याज लागतं. उशिराला सबळ कारण नसेल तर भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो.

अपघात ज्या दिवशी झाला त्या दिवसाचा कायदा लागू होतो. २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीचा अपघात असेल तर दावा जुन्या कायद्यानुसार, नंतरचा असेल तर नव्या संहितेनुसार.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगार, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तिथं मोफत वकील मिळतो.

हे नंबर सेव्ह करून ठेवा

- रुग्णवाहिका: १०८
- मोफत कायदेशीर मदत: १५१००
- ईएसआय: १८००-११-२५२६
- महात्मा फुले योजना: १५५३८८

तुमच्या पगारातून ईएसआय कापलं जातं का, हे तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर पुढच्या पगाराला विचारा. कापलं जात असेल तर स्वतःचा विमा क्रमांक लिहून घरच्यांकडे द्या. कापलं जात नसेल तर उपचाराचं बिल मालकाच्या नावावर आहे, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. अपघात झाल्यावर दवाखान्यात धावपळ करणारे तेच असतात.